शेवट लिहून ठेवलाय म्हणणाऱ्या मामांशी बोलायचं कसं?

रंकाळ्याची वाट:

बरेच दिवस हा विषय मनात खुपतोय, म्हणून धागा काढतोय. थोडा लांब आहे, पण वाचा.

माझे मामा आमच्या शेजारच्या गल्लीतच राहतात. वय ६८. माणूस अत्यंत मायाळू. माझ्या बारावीच्या फीसाठी त्यांनी मामीच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण १३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला, तेव्हापासून मामांचा फोन आणि मामा वेगळेच झालेत. पहाटे साडेपाचला घरच्या ग्रुपवर पहिला व्हिडिओ. त्यात कल्की, नॉस्त्रदेमस, बायबलातलं शेवटचं युद्ध, मुसलमानांत शेवटच्या काळी येणार म्हणतात तो इमाम मेहदी आणि आपल्याकडची भाकणूक (यात्रेत देवाच्या नावानं सांगतात ते वर्षाचं भविष्य), सगळं एकाच वाफेला शिजवलेलं. सार एकच: तिसरं महायुद्ध होणार, अमुक धर्माचे लोक संपणार आणि मग चांगले दिवस.

मी दुर्लक्ष करत होतो. पण गणपतीत आमच्या घरी जेवणं होती. शेजारचे चाचा तीस वर्षं आमच्या गणपतीला येतात. उद्यमनगरात त्यांचं लेथ होतं, आता मुलगा बघतो. चाचा पानावर बसले, मामा समोर. कुणीतरी युद्धाची बातमी काढली आणि मामा सहज म्हणाले, "काय होणार? तुमच्या लोकांचा शेवट लिहूनच ठेवलाय, ग्रंथातच आहे." आवाजात राग नव्हता. उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं बोलले. चाचांनी हातातला मोदक पानात ठेवला, तांब्यातलं पाणी प्यायले, आईला "येतो वहिनी" म्हणाले आणि उठले. तो मोदक एका बाजूनं चावलेला होता. आईनं पान उचललं तेव्हा ती रडत होती.

मला देवाधर्माची टिंगल करायची नाही, मी स्वतः दर मंगळवारी अंबाबाईला जातो. प्रश्न एवढाच: ज्याला खात्री आहे की युद्धानंतर उद्धार आहे, तो मनातून युद्धाचीच वाट बघायला लागतो का? आणि अशा आपल्या माणसाशी, त्याची श्रद्धा न दुखावता, बोलायचं कसं?

पाटलाचा मळा:

ग्रुप म्यूट कर भावा. काही उपयोग नाही. आमच्या घरी दोन काका असेच आहेत.

बिरोबाचा भंडारा:

म्यूट करून चाचा परत येतील व्हय?

धागाकर्त्याला एक सांगतो. मी हातकणंगले तालुक्यातला, धनगर. मामांच्या व्हिडिओत भाकणूक आहे म्हणालात म्हणून लिहितोय, कारण आमची भाकणूक त्या पंगतीला बसवलेली बघून पोटात कालवतं.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दिवाळीच्या तोंडावर भरते. भाकणूक सांगणारे फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून चालत येतात. ढोल-कैताळ घुमत असतात, धनगरी छत्र्या नाचत असतात, आणि भंडारा असा उधळतात की समोरचा माणूस दिसत नाही. लोकर, खारीक, खोबरं अंगावर पडतं. बाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक होते. काय असतं तिच्यात? पर्जन्य कसं, धारण (बाजारभाव) काय राहील, रोगराई, महागाई, राजकारणात उलथापालथ. आमचे आप्पा दरवर्षी ती वहीत लिहून घ्यायचे. वही अजून देव्हाऱ्यात आहे. त्यात एका बाजूला भाकणूक आणि दुसऱ्या बाजूला, त्याच पानावर, त्या वर्षी कोणतं बी किती पेरलं, चारा किती साठवला याचा हिशेब. पाऊस कमी सांगितला की आप्पा मेंढरांसाठी कोकणात कधी उतरायचं ते आधी ठरवायचे. भाकणूक ऐकून माणूस कामाला लागायचा.

राजकारणावर, लढाईवर बोललं जातं, खोटं कशाला सांगू? पण रात्रभराच्या जागरातलं एक वाक्य तोडायचं, त्यावर रणगाड्याचं चित्र लावायचं आणि त्यात एका धर्माचं नाव घुसडायचं, हे रीलवाल्यांचं काम. आदमापूरला बाळूमामांच्या भंडाऱ्यात होणाऱ्या भाकणुकीचंही हेच करतात. बाळूमामा १९६६ ला गेले. त्यांच्या बग्ग्यातल्या (कळपातल्या) मेंढरांनी कुणाच्या शेताला धर्म विचारला नाही.

शाहूपुरीचा सुन्या:

२०१९ चा महापूर सांगितला होता का भाकणुकीत? सांगितला असता तर आमचं दुकान वाचलं असतं.

बिरोबाचा भंडारा:

सुन्याभावा, "पाऊस उदंड" म्हटलं असेल तर पुरालाही लागू आणि चांगल्या पिकालाही लागू. मी श्रद्धेनं ऐकतो, पण पुरासाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीच बघतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ४१ झालं की आम्ही जनावरं हलवतो. देव वर्षाचा अंदाज देतो, तासाचा पट्टीवर बघायचा.

शाहूपुरीचा सुन्या:

पटलं. आमच्या बाबांनी ४३ होईपर्यंत वाट बघितली आणि नंतर माळ्यावरून होडीत उतरले.

मिरजेची लेक:

मी ख्रिस्ती. माहेर मिरज, सासर कोल्हापूर. आमच्याकडं या भागात मिशन १८५२ ला आलं, रॉयल वायल्डर कोल्हापुरात उतरले तेव्हा. म्हणजे आम्ही पाच-सहा पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. आजीच्या तोंडी कायम "तारण" हा शब्द असायचा. पण तिच्या लेखी तारण म्हणजे पापाची क्षमा आणि पटकीच्या साथीत शेजारणीच्या घरी पेज घेऊन जाणं. कोणत्या देशानं कोणाला मारलं की तारण जवळ येतं, हा हिशेब मी तिच्याकडून कधीच ऐकला नाही.

तो हिशेब नंतरचा आहे. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकानं बायबलातल्या भविष्यांचे कालखंड पाडले. यहुदी लोक आपल्या भूमीत परत जातील, मोठं संकट येईल, खरे विश्वासणारे आधीच वर उचलले जातील, मग हर्मगिदोन, म्हणजे शेवटचं युद्ध. १९०९ ला अमेरिकेत स्कोफिल्ड यांच्या टिपा घातलेलं बायबल निघालं आणि ही मांडणी घराघरात गेली. १९४८ ला इस्रायल झालं, १९६७ ला पूर्व जेरुसलेम त्यांच्या ताब्यात आलं, तेव्हा या लोकांना वाटलं की पान न् पान खरं होतंय. आज अमेरिकेत इस्रायलच्या बाजूनं मतं मागणारा मोठा ख्रिस्ती गट याच शिकवणीवर उभा आहे. त्यांच्या मांडणीतला शेवट मात्र कुणी मोठ्यानं वाचत नाही. त्यात बहुतेक यहुदी मरतात आणि उरलेले ख्रिस्ताला मानतात. ज्याच्या बाजूनं उभं राहायचं, त्याचाच असा शेवट धरून चालायचं. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

आणि तारखेबद्दल तर मत्तयाच्या २४ व्या अध्यायात येशूनं स्वतः सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. तरी येशू परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून अमेरिकेत हजारो लोक वाट बघत बसले. काहींनी उभं पीक काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला.

सासणे मैदान:

उगवणारच. आमच्या क्लासमधल्या एकानं २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार म्हणून बारावीचा अभ्यास सोडला होता. जग राहिलं, फिजिक्स राहिलं.

इतिहासाची वही:

सगळे भावनेत चाललेत म्हणून मुद्द्याचं लिहितो. पश्चिम आशियातलं भांडण भविष्यवाण्यांमुळं लागलेलं नाही. १९१७ ला ब्रिटिशांनी बाल्फोर जाहीरनामा काढला. पॅलेस्टाईनच्या ज्या जमिनीवर एक समाज राहत होता तिथं दुसऱ्याला, म्हणजे ज्यूंना, घर देण्याचं वचन दिलं. पुढं युरोपात ज्यूंचा संहार झाला, १९४८ ला लाखो पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. भांडण जमीन, पाणी, हद्द आणि सत्ता यांचं आहे. ग्रंथ ही वरची शाल. मामांना हा इतिहास वाचायला द्या, खूळ उतरेल.

मिरजेची लेक:

दादा, मूळ जमिनीचं आहे हे मान्य. पण शाल एवढी हलकी नसते. तांबड्या कालवडीचंच घ्या. गणनाच्या पुस्तकात १९ व्या अध्यायात निर्दोष तांबड्या कालवडीच्या राखेनं शुद्धी सांगितलीय. ज्या ज्यूंना जेरुसलेमात, आज अल-अक्सा मशीद आहे त्या आवारात, पुन्हा मंदिर बांधायचंय त्यांना ती राख आधी हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी विमानानं इस्रायलला नेल्या. पुढं ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला झाला, हमासनं त्याला नाव दिलं अल-अक्साचा पूर. आणि युद्धाच्या शंभराव्या दिवशी त्यांच्या प्रवक्त्यानं भाषणात या तांबड्या गाईंचा उल्लेख केला. एका बाजूची आशा ही दुसऱ्या बाजूची धमकी झाली. जमिनीचं भांडण वाटाघाटीत अर्धं-अर्धं तरी करता येतं. देवानं सगळं लिहून दिलंय म्हटल्यावर अर्धं कोण घेईल?

बिरोबाचा भंडारा:

ताई, त्या कालवडीला दोन केस जरी वेगळ्या रंगाचे निघाले तरी चालत नाही म्हणे, खरं का?

मिरजेची लेक:

हो, त्यांच्या जुन्या नियमात तसंच आहे.

बिरोबाचा भंडारा:

मग आमच्या गावातल्या एकाही गाईला विमान मिळत नाही.

सादिया, राजारामपुरी:

मी दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहू की नको असं होत होतं. त्या चाचांच्या जागी मला माझे अब्बा दिसले.

आमच्यातही हा आजार आहे, तो आधी कबूल करते. २० नोव्हेंबर १९७९, हिजरी १४०० सालाचा पहिला दिवस. जुहैमान नावाच्या माणसानं हत्यारबंद साथीदार घेऊन थेट मक्केची मस्जिद ताब्यात घेतली आणि आपला मेहुणा हाच मेहदी असल्याचं जाहीर केलं. दोन आठवडे काबाच्या आवारात गोळ्या चालल्या. तो मेहदी तिथंच मारला गेला. अलीकडं आयसिसनं सीरियातल्या दाबिक या छोट्या गावाचं नाव आपल्या मासिकाला दिलं, कारण एका हदीसमध्ये शेवटच्या लढाईसाठी त्या गावाचा उल्लेख आहे. तिथं रोमची फौज येणार आणि आम्ही जिंकणार, असं सांगून जगभरातून पोरं बोलावली. ऑक्टोबर २०१६ मध्ये दाबिक त्यांच्या हातून गेलं, ते एका दिवसात. ज्यांची पोरं तिथं मेली त्यांना कुणी काही समजावलं नाही.

कुराणात मात्र एकापेक्षा जास्त ठिकाणी सांगितलंय की कयामतीच्या घडीचं ज्ञान फक्त अल्लाहजवळ आहे. आणि एक हदीस अब्बा नेहमी सांगतात: कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर लावता येत असेल तोवर ते लावा. अब्बांनी हे ऐकून दारात शेवगा लावलाय. सगळी गल्ली शेंगा नेते.

आता मनातलं. ७ जून २०२३ ला शिवाजी चौकात काय झालं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मोबाईलवरच्या स्टेटसवरून सुरू झालं, दगडफेक, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. आम्ही घरात दिवे बंद करून बसलो होतो. बाबूजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय ते दाखवत मी लहानाची मोठी झाले, त्याच गावात. तेव्हा "तुमचा शेवट लिहून ठेवलाय" हे वाक्य जेवणाच्या पानावर ऐकलं की पोटात काय होतं ते मला कळतं. त्याला भविष्य म्हणू नका. ऐकणाऱ्याला ती तारीख न घातलेली नोटीस वाटते.

रंकाळ्याची वाट:

सादियाताई, लिहिलंत म्हणून आभार. यावर मला काय बोलावं कळत नाही.

धर्मवीर करवीर:

मला मामांची बाजू मांडायची आहे. कुणी ओरडण्याआधी पूर्ण वाचा. त्या जेवणात मामा चुकले, शंभर टक्के. घरी आलेल्या माणसाला असं बोलणं आपल्यात बसत नाही.

पण तुम्ही सगळे भविष्यवाणीकडं रोग म्हणून बघताय. ज्याच्या हातात काहीच उरत नाही त्याला "एक दिवस येईल" एवढाच आधार असतो. बिरसा मुंडांकडं बघा. जमीन गेली, जंगल गेलं, तेव्हा लोकांनी त्यांना धरती आबा मानलं, इंग्रजांचं राज्य संपणार हा शब्द धरला आणि १८९९-१९०० चा उलगुलान, म्हणजे मोठा उठाव, उभा राहिला. ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात बिरसा गेले, पण जमिनीचे कायदे इंग्रजांना पुढं करावेच लागले. ती आशा खोटी म्हणाल? कल्कीवर माझी श्रद्धा आहे. संभलला कल्की धामची पायाभरणी १९ फेब्रुवारी २०२४ ला झाली तेव्हा माझ्या आईनं घरात दिवे लावले.

इतिहासाची वही:

त्याच संभलमध्ये त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मशिदीच्या सर्वेक्षणावरून दंगल झाली, माणसं मेली. तोही इतिहास आहे.

धर्मवीर करवीर:

माहीत आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही असं समजू नका. आणि पुराणाच्या हिशेबानं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली जेमतेम ५,१०० झालीत. कल्कीच्या नावानं उद्याच कुणाला मारायला निघणाऱ्याला हा हिशेब मी स्वतः ऐकवतो. मामांनाही ऐकवा.

कुंभोजचा वाटसरू:

हिशेबाचा विषय निघाला म्हणून. आम्ही जैन. आमच्याकडं चालू आहे तो पंचम काळ, २१,००० वर्षांचा. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ३ वर्षं साडेआठ महिन्यांनी सुरू झाला, म्हणजे अजून १८ हजारांवर वर्षं बाकी. आणि या काळात भरतक्षेत्रातून थेट मोक्ष नाही, असं शास्त्र सांगतं. लहानपणी बाहुबलीच्या डोंगरावर जाताना मी आजोबांना विचारलं होतं, मोक्षच नाही तर चढायचं कशाला? ते पायरीवर टेकले, धाप लागलेली होती, आणि म्हणाले, "कर्म तुझं तुलाच झडवायचं आहे. कुणी येऊन झडवणार नाही. आजचं आज झडव." सोडवायला कुणी येणार नाही हे पक्कं माहीत असूनही तो माणूस रोज पाणी गाळून प्यायचा, सूर्यास्ताआधी जेवायचा.

माणगाव १९२०:

बाबासाहेबांनी बुद्धाबद्दल हेच मांडलंय. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. माणगावच्या परिषदेला माझे खापरपणजोबा होते असं घरात सांगतात. मार्च १९२० ची गोष्ट. शाहू महाराजांनी तिथं लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. हीसुद्धा भविष्यवाणीच होती आणि खरी ठरली, कारण ती खरी करायला माणसं राबली.

अलिबागचा अण्णा:

उशिरा आलो. कोल्हापूरचा नाही, पण राहवत नाही.

आमच्या गावात बेने इस्रायल होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. घरात मराठी, जेवणात खोबऱ्याचं वाटण. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे. एलिया संदेष्टा तिथं येऊन गेला, त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या असं ते मानतात. मसीहा येण्याआधी एलिया येणार, ही त्यांची श्रद्धा. नवस फेडायला त्याच्या नावानं मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मी लहानपणी ओंजळभर खाल्लाय. आमची जात कुणी विचारली नाही.

१९४८ नंतर ते एकेक करत इस्रायलला गेले. आईची मैत्रीण जाताना जातं आमच्याकडं ठेवून गेली, ते अजून पडवीत आहे. तिची नातवंडं आज तिथं सैन्यात आहेत. जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा तिच्या लेकीनं मला मराठीत निरोप पाठवला, "अण्णा, आम्ही तळघरात आहोत, पाऊस लागला का तिकडं?" मामांच्या व्हिडिओत ज्यांना प्यादी म्हणून हलवतात, त्यात ही माणसं आहेत. गाझात अशीच दुसरी आहेत, ज्यांना तळघरही नाही.

पाटलाचा मळा:

म्यूट करायचा सल्ला मी मागं घेतो.

सादिया, राजारामपुरी:

मूळ प्रश्नावर कुणी नीट बोललंच नाही. माझं मत सांगते. मामांशी ग्रंथावर वाद घालू नका, हराल. बिरोबाचा भंडारा यांनी ती वही सांगितली ना, भाकणूक आणि पेरणी एका पानावर, ती दाखवा. जे भविष्य ऐकून माणूस चारा साठवतो ते वेगळं आणि जे ऐकून शेजाऱ्याच्या मरणाची वाट बघतो ते वेगळं. मामा पहिल्यावर वाढलेले असणार.

बिरोबाचा भंडारा:

यात्रेला घेऊन या त्यांना. मुक्काम आमच्याकडं. वही दाखवतो.

रंकाळ्याची वाट:

दीड महिन्यानं लिहितोय.

मामांना पट्टणकोडोलीला घेऊन गेलो. बिरोबाचा भंडारा, तुमच्या आईच्या हातची भाकरी आणि घुटं मामा अजून काढतात. गर्दीत मामांचा फोन खिशातच राहिला, दिवसभर. कपाळापासून चपलेपर्यंत पिवळे झाले होते. संध्याकाळी आप्पांची वही त्यांनी मांडीवर घेतली आणि एकेक पान बोटानं वाचलं. एका दुष्काळी सालच्या पानावर लिहिलं होतं, "कडबा १०० पेंढ्या मुल्लाणींकडून उसना." मामा त्या पानावर बराच वेळ थांबले. काही बोलले नाहीत. मीही नाही.

कोल्हापुरात आलो तर चाचा फाटकात उभे. कागल बाजूला त्यांचा दीड एकर ऊस आहे. त्या जेवणानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. मामा गाडीतून उतरले, अंगावरचा भंडारा तसाच. चाचांनी त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "पाऊस काय सांगितला?"

मामांनी पिशवीतलं खोबरं काढलं, फाटकाच्या कठड्यावर ठेवलं, आणि पर्जन्यापासून सांगायला सुरुवात केली. मी गाडी लावून आलो तरी दोघं तिथंच उभे होते. मामांनी माफी मागितली नाही. सकाळी साडेपाचचे व्हिडिओ कमी झालेत, बंद नाहीत.

सादिया, राजारामपुरी:

चाचांनी खोबरं घेतलं का?

रंकाळ्याची वाट:

घेतलं. अर्धं तिथंच कठड्यावर फोडून मामांना दिलं.